लपवून ठेवावेसे काही आहे का? एका प्रार्थना गटाचे आणि एका कर्जाचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावात दर शुक्रवारी संध्याकाळी भरणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थना गटाचे आणि त्या गटातील एका शेतकरी कुटुंबाचे हे प्रकरण आहे. कुटुंबाने लिहिण्याची परवानगी दिली आहे; गाव, नावे आणि ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. घरच्या पुरुषाला दादा, त्यांच्या पत्नीला वहिनी आणि गट चालवणाऱ्या निवृत्त अंगणवाडी सेविकेला मावशी असे मी येथे म्हटले आहे, कारण प्रत्यक्षातही मी त्यांना याच नात्याने हाक मारते. मी कुटुंब समुपदेशनाचे काम करते आणि स्वतः याच परंपरेच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढले आहे, त्यामुळे हे प्रकरण मी बाहेर उभी राहून पाहिलेले नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रश्न थोडक्यात असा होता. ज्या शिस्तीने दादांची वीस वर्षांची दारू सोडवली, त्याच शिस्तीने त्यांना पाच वर्षे कर्जाबद्दल गप्प बसवले. या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत, त्याच माणसांसमोर आणि त्याच प्रार्थनेच्या आगेमागे घडल्या. त्या कशा घडल्या, हे समजून घेतल्याशिवाय अशा गटांना नुसते चांगले किंवा नुसते वाईट म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

शिस्त कुठून आली

या गटाची शिस्त मावशींनी किंवा त्यांच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) शोधून काढलेली नाही. तिचे मूळ अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये, जॉन वेस्ली यांनी सुरू केलेल्या मेथडिस्ट चळवळीत आहे. १७३८ च्या डिसेंबरमध्ये वेस्लींनी अगदी लहान गटांसाठी नियम लिहिले. आपले अपराध एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, या याकोबाच्या पत्रातील (अध्याय ५, वचन १६) शिकवणीवर ते उभे होते. दर आठवड्याला जमावे आणि प्रत्येकाला विचारावे, अशी ती पद्धत होती: मागच्या भेटीनंतर कोणते पाप घडले, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली, पाप म्हणावे की न म्हणावे अशी शंका वाटते असे काही हातून झाले का, आणि लपवून ठेवावेसे काही आहे का. हा पाचवा प्रश्न वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण सगळे प्रकरण त्याच्याभोवतीच फिरते.

चार वर्षांनी, १७४२ मध्ये, ब्रिस्टल येथील प्रार्थनागृहावर झालेले कर्ज फेडायचे होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले, सुमारे बारा-बारा जणांचे वर्ग पाडण्यात आले आणि एकेका वर्गाची वसुली एकेकाकडे सोपवण्यात आली. पेनीसाठी दारोदार जाणाऱ्या या माणसांना घरांची खरी परिस्थिती दिसू लागली, कुठे भांडण, कुठे दारू, कुठे उपासमार, आणि मग हेच वर्ग आत्मिक विचारपूस करणाऱ्या साप्ताहिक बैठका बनले. म्हणजे कर्जफेडीच्या निमित्तानेच ही पद्धत रुजली. १७४३ मध्ये वेस्लींनी सर्व सदस्यांसाठी जे नियम छापले, त्यांत दारूबंदीबरोबर आणखी एक निर्बंध होता: फेडण्याची शक्यता नसताना कर्ज काढू नये. मात्र त्यांनी नुसती मनाई करून सोडून दिले नाही. १७४६ च्या सुमारास त्यांनी गरिबांसाठी कर्जनिधी उभारला. एका वेळी वीस शिलिंग द्यायचे आणि तीन महिन्यांत आठवड्याच्या हप्त्याने परत घ्यायचे, असा त्याचा नियम होता. सुरुवातीचे भांडवल तीस पौंड सोळा शिलिंग एवढेच होते आणि त्यातून अठरा महिन्यांत २५५ लोकांना मदत झाली, अशी नोंद वेस्लींनी आपल्या दैनंदिनीत केली आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ही शिकवण पवित्रीकरणाच्या चळवळीच्या रूपाने पुन्हा जोर धरून उठली. पापक्षमा मिळाल्यावर माणसाचे सगळे जगणेच पवित्र झाले पाहिजे, असा तिचा आग्रह होता. या चळवळीतून निघालेले किंवा तिच्या प्रभावाखाली असलेले पंथ वऱ्हाडात आले: यवतमाळला फ्री मेथडिस्ट, बुलडाणा-वाशीमकडे नाझरेन आणि अकोल्याच्या परिसरात अलायन्स. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी अनाथ मुले सांभाळली आणि त्यांतल्या काहींची पुढची पिढी मंडळीत राहिली; माझी पणजी त्यांपैकीच एक. १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळक घडवणारी शिक्षणसंस्था यवतमाळ येथेच होती आणि नंतर ती पुण्याला गेली. त्यामुळे आमच्या भागातल्या खेड्यांतूनही ‘साक्ष’, ‘पवित्रीकरण’, ‘जयवंत जीवन’ हे शब्द शेतमजुरांच्या तोंडी सहज ऐकू येतात.

गावाला हा प्रकार अगदी परका वाटला नाही, याचेही कारण सांगायला हवे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची सवय विदर्भातील गावोगावी आहे. माळ घातली की माणूस दारू-मटणाला शिवत नाही, हे वारकऱ्यांमुळे सर्वांना ठाऊक आहे, आणि रिद्धपूरमुळे महानुभावांचे कडक आचारही अपरिचित नाहीत. दादा दारू सोडून शुक्रवारी सतरंजीवर बसू लागले, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना ‘येशूचे माळकरी’ म्हटले. त्यात चेष्टा थोडी होती, पण समज पुष्कळ होती.

शुक्रवारची बैठक

मावशींच्या ओसरीवर सात-आठ घरांतली पंधरा-वीस माणसे जमतात. आधी ढोलकीवर दोन-तीन भजने होतात, मग वचन आणि मग साक्ष. साक्ष म्हणजे त्या आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केले, हे उभे राहून सर्वांसमोर सांगणे. शेवटी प्रार्थनेच्या विनंत्या. मावशींकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात त्यांनी पट्टीने चार रकाने आखले आहेत: तारीख, नाव, विनंती आणि उत्तर. विनंती निळ्या शाईत लिहायची आणि उत्तर मिळाले की लाल शाईत. ‘लेकीला ताप’, ‘विहिरीला पाणी’, ‘धनी पितो’ अशा निळ्या ओळींसमोर कुठे महिन्याने, कुठे वर्षाने लाल अक्षरे उमटलेली मी पाहिली आहेत. वहिनींच्या नावासमोर ‘धनी पितो’ ही ओळ २०१२ पासून एकोणीस वेळा आली आहे. २०१४ च्या जूनमध्ये तिच्यापुढे लाल शाईने ‘सोडली’ असे लिहिले आहे, आणि त्या शब्दाखाली मावशींनी दोन रेघा ओढल्या आहेत.

दारू एका प्रार्थनेत सुटली नाही. मावशी दोन वर्षे दर मंगळवारी त्यांच्या घरी जात राहिल्या. दादा झिंगलेले असले तरी त्या बसत, वहिनींबरोबर तूर निवडत आणि निघताना एकच विचारत: ‘भाऊ, या आठवड्यात किती दिवस नाई घेतली?’ किती घेतली, असे त्यांनी कधी विचारले नाही. सुटल्यावर पहिले सहा महिने गटातला एक जण रोज संध्याकाळी, गुत्त्याकडे पाय वळायच्या वेळेला, दादांच्या वावरात जाऊन बसत असे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. कायद्याने बंद असलेली दारूही माणसाला सापडते, हे या पट्ट्यातल्या बायांना चांगले माहीत आहे. म्हणूनच त्या म्हणतात की दारू सुटते ती सोबतीने. माझाही कामातला अनुभव याहून वेगळा नाही.

बाकीचे जगणेही बदलत गेले. रविवारी फवारणी नाही, बाईवर हात उचलणे नाही, तंबाखू नाही. कापूस विकला की विक्रीची पट्टी हातात पडताच दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, वेगळा काढायचा. पोळ्याला दादा बैलांना धुतात, आदल्या दिवशी तूप-हळदीने खांदे चोळतात, पुरणपोळी चारतात. मात्र पूजा करत नाहीत आणि तोरणाखाली जात नाहीत. वेचणीच्या आरंभी सीतादहीला इतर घरांत पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडांची) पूजा होते, तर हे सगळे वावरात उभे राहून प्रार्थना करतात आणि मग तोच दहीभात बांधावर बसून खातात. दादांचे थोरले भाऊ यावरून तीन वर्षे बोलत नव्हते. वहिनींना भावकीतल्या हळदी-कुंकवाचे बोलावणे बंद झाले, आणि मी विचारले तेव्हा दारू सुटल्याच्या आनंदाइतकेच हे दुःख त्यांनी ठसठशीतपणे सांगितले.

या घरातल्या कोणाचाही बाप्तिस्मा झालेला नाही. कुटुंब अनुसूचित जातीतले आहे, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. तो पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती मात्र त्याच्या बाहेरच राहिले. आपण विश्वास ठेवतो ते मनाने, बाप्तिस्म्याचे अजून ठरलेले नाही, असे दादा सांगतात आणि मावशी त्यांना कधी घाई करत नाहीत. कवी नारायण वामन टिळक यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत नवा करार मिळाला आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोघांसाठीही होता. मावशींची ओसरी मला तशीच वाटते.

जे सांगितले गेले नाही

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. त्याच खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले आणि दादांच्या सालदारालाही दवाखान्यात ठेवावे लागले. चार एकरांत कापूस इतका थोडा झाला की वेचणीची मजुरीही निघाली नाही. बँकेचे पीककर्ज थकले, कृषी केंद्राची उधारी राहिली, आणि दादांनी गावातल्या एकाकडून साठ हजार रुपये शेकडा तीनने उचलले. म्हणजे महिन्याला अठराशे नुसते व्याज. ते त्यांनी वहिनींनाही सांगितले नाही.

आता प्रकरणातला सर्वांत अवघड भाग. २०१९ च्या अखेरीस राज्य सरकारने दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाची कर्जमुक्ती जाहीर केली आणि पुढच्या वर्षी दादांचे बँकेचे खाते निरंक झाले. शुक्रवारी त्यांनी उभे राहून साक्ष दिली. ती खरी होती, मनापासून होती, आणि लोक रडले. वहीत लाल शाईने ‘कर्जातून सुटका’ असे लिहिले गेले. पण खासगी कर्ज सरकारच्या योजनेत बसत नव्हते. ते तसेच वाढत होते. दादा मला म्हणाले, ‘ताई, साऱ्यायनं माह्यासाठी टाळ्या वाजवल्या. मंग दुसऱ्या शुक्रवारी उठून कसं सांगू का अजून एक हाय म्हून?’

पुढची दोन वर्षे त्यांनी साक्ष देणे थांबवले नाही. थांबवले असते तर लोकांनी विचारले असते. ‘प्रभूने भागवलं’ एवढेच ते म्हणत, आणि ते शब्दशः खोटे नव्हते, कारण घरात दोन वेळची भाकरी होती. त्यांनी वहिनींची पोत गहाण ठेवली आणि उजळायला दिली आहे असे सांगितले. वहिनींच्या नावावर गटकर्ज काढले, त्याला मात्र मुलीच्या शिक्षणाचे कारण दिले. आणि दशांश कधी चुकवला नाही. २०२१ च्या वेचणीनंतर मंडळीच्या पाकिटात त्यांनी घातलेले अडीच हजार रुपये उसने आणलेले होते. हे ऐकल्यावर मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. फेडण्याची शक्यता नसताना कर्ज काढू नये असे ज्या चळवळीच्या पहिल्या नियमांत आहे, तिच्याच पाकिटात भरायला माणूस कर्ज काढत होता, आणि हे ओळखायला ओसरीवर बसलेल्या आम्हा कोणालाही जमले नाही.

मी यात गटाला दुष्ट ठरवत नाही. कोणी दादांना धमकावले नव्हते, दशांशाची सक्तीही नव्हती. पण पवित्रीकरणाच्या शिकवणीत एक धोका आहे, आणि आमच्या परंपरेत वाढलेल्या प्रत्येकाला तो आतून ठाऊक असतो. जगणे दिवसेंदिवस पवित्र होत गेले पाहिजे असे शिकवले, की मागे घसरलेल्या माणसाला उभे राहायला जागा उरत नाही. साक्षीत संकट असते, पण ते सुटलेले असते. वेस्लींच्या पाच प्रश्नांपैकी ‘सुटका कशी झाली’ हा तेवढा आमच्या ओसरीवर टिकला. पाचवा तिथे कोणी विचारत नव्हते. शिवाय मावशींच्या वहीत ज्या ओळी निळ्याच राहिल्या, त्यांच्याकडे पाहणाऱ्याला नकळत वाटे की त्या घराच्या विश्वासातच काही उणे असावे.

उघड झाल्यावर

२०२२ च्या जुलैत अतिवृष्टी झाली, वावरात आठ दिवस पाणी साचले आणि पऱ्हाटी पिवळी पडली. पोळ्याच्या आठवड्यात दादांच्या मुलीला बायबलच्या चेनवाल्या कव्हरात घडी घातलेला कागद सापडला. सावकाराने त्यावर आकडा लिहून दिला होता: एक लाख चौदा हजार. तिने तो आईला दाखवला. वहिनींनी त्या रात्री नवऱ्याला काही विचारले नाही. गेले महिनाभर ते रात्री उठून बांधावर जाऊन बसतात, हे त्यांना दिसत होते. त्यांनी प्रथम सपरीतले फवारणीच्या औषधाचे दोन्ही डबे पोत्यात घातले, अंधारात मावशींकडे नेले, त्यांच्या कोठीत कुलूप लावून ठेवले, आणि मगच रडल्या. एवढ्या घाईत एवढे शहाणपण सुचणे ही मोठी गोष्ट आहे, आणि आपण नक्की काय टाळले हे वहिनी आजही पूर्ण वाक्यात बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी मला फोन केला. दादांना आम्ही ग्रामीण रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी त्यांच्याशी एकट्याने बोलून झोपेच्या आणि उदासीच्या गोळ्या सुरू केल्या, आणि त्या ऑक्टोबरात टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन सुरू झाल्यावर तिचा १४४१६ हा क्रमांक वहिनींच्या फोनमध्ये घातला गेला. गटातल्या एका कुटुंबाला हे पटले नाही; उपवास-प्रार्थना पुरेशी होती, गोळ्या म्हणजे अविश्वास, असे त्यांचे मत पडले. येशू बरे करणारा आहे ही आमच्या मंडळ्यांची शिकवण खरीच, पण वाशीमचा मिशन दवाखाना किंवा अचलपूरजवळच्या कोठाऱ्याचा कुष्ठरोग दवाखाना त्याच श्रद्धेने उभा राहिला, असे मावशींनी त्यांना ऐकवले आणि वाद तिथेच थांबवला.

कर्जाचे काम त्यापेक्षा किचकट होते. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमन कायदा आहे आणि परवान्याशिवाय व्याजाने पैसे देता येत नाहीत. तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात तक्रार करता येते, हे दादांना माहीतच नव्हते. त्यांना तक्रार करायची नव्हती, कारण गावात राहायचे होते. शेवटी मावशी, दादांचे थोरले भाऊ आणि मी असे तिघे सावकाराच्या घरी गेलो. थोरले भाऊ आपणहून आले, तीन वर्षांच्या अबोल्यानंतर. आजवर किती व्याज दिले त्याचा हिशेब त्यांनी बसल्या जागी मांडला आणि कायद्याचा उल्लेख एकदाच केला. मुद्दल साठ हजार आणि वर पाच हजार यांवर तडजोड झाली, तीन हंगामांत फेडायची.

त्या शुक्रवारी दादा ओसरीवर आले, पण उभे राहिले नाहीत. बसूनच, मान खाली घालून, सगळे सांगितले. दशांशाचे सांगताना त्यांचा आवाज बसला. एक तरुण पाळक तालुक्याहून आलेले होते. त्यांनी ‘पश्चात्ताप’ या विषयावर बोलायला सुरुवात केली, तेव्हा मावशींनी हात वर केला. ‘थांबा साहेब,’ त्या म्हणाल्या, ‘यायनं सांगतलं. आता आपण सांगू. मी बी एक लपवलं हाय.’ आणि त्यांनी आपल्या मुलाचे सांगितले. तो पुण्यात पितो, हे त्यांनी आठ वर्षे कोणाला कळू दिले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या वहीत ती विनंती एकदाही लिहिलेली नाही. त्यानंतर त्या रात्री चार घरांनी आपापले कर्ज सांगितले. पाळकसाहेब शेवटपर्यंत बसून राहिले, प्रार्थना केली आणि गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी निरोप पाठवला की बैठकीत हिशेबाची चर्चा होऊ नये. मावशींनी तो ऐकून घेतला आणि चर्चा चालू ठेवली.

गटाने आपला लहान निधी काढला आहे. वेस्लींच्या कर्जनिधीची हकिकत मी मावशींना सांगितली होती, पण भिशी आणि बचत गट गावाला आधीपासून माहीत होते, त्यामुळे माझ्या सांगण्याचे श्रेय फार नाही. औषध-बियाण्यासाठी बिनव्याजी पाच हजारांपर्यंत द्यायचे, वेचणी झाली की परत घ्यायचे. त्या वर्षी दादांनी कापसाच्या पट्टीतून दशांशाचे पाकीट आणले, तेव्हा मावशींनी ते न उघडता त्यांच्या हातात परत दिले आणि आधी पोत सोडवून आणा म्हणाल्या. दादांना हे आवडले नाही. देवाचे देवाला दिले नाही याची टोचणी त्यांना आजही आहे, आणि मी त्यांची समजूत घालू शकलेले नाही.

गोळ्यांवरून मतभेद झालेले कुटुंब गट सोडून तालुक्याच्या मोठ्या मंडळीत जाऊ लागले. आणखी एका घराने आपले कर्ज चारचौघांत आल्याच्या संकोचाने येणे बंद केले. त्यांच्या बाबतीत आमची चूक झाली असे मला वाटते, कारण त्या रात्री कोणाला किती सांगायचे हे ठरवायला आम्ही वेळच दिला नाही, आणि ओसरीवरचे बोलणे ओसरीबाहेर गेले. आता मावशी आधी घरी जाऊन विचारतात आणि बैठकीत काय बोलायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे, असा नियम आहे.

हे लिहिताना सावकाराचे शेवटचे आठ हजार बाकी आहेत आणि वहिनींची पोत घरी आलेली आहे. दादा पुन्हा प्यायलेले नाहीत. मावशींची नवी वही मागच्या महिन्यात सुरू झाली. तिच्यात तारीख, नाव आणि विनंती असे तीनच रकाने आहेत आणि शाई एकच आहे. शुक्रवारी साक्ष झाल्या की त्या विचारतात, ‘लपवून ठेवावंसं काही हाय का कोणाचं?’ आणि ढोलकी बाजूला ठेवून थांबतात. बहुतेक शुक्रवारी कोणी बोलत नाही. मावशी तरीही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पुरती पाच मिनिटे थांबतात, आणि मगच शेवटची प्रार्थना सुरू करतात.